मंगळवार सकाळ, सेल हॉल

साल १९४४, सप्टेंबर. अटलांटातला उकाडा अजून ओसरलेला नाही. तू पंधरा वर्षांचा आहेस आणि अंगात थोरल्या भावाचा कोट आहे, खांद्यांत सैल. भाऊ सैन्यात आहे. मोरहाउस कॉलेजच्या सेल हॉलच्या जिन्यावर मुलांची रेटारेटी चाललीय, कारण वरच्या सभागृहात सकाळी प्रार्थनेला हजेरी लावावीच लागते. इतर दिवशी कुणी मांडीवर वही ठेवून गणितं उरकतं, कुणी डुलक्या काढतं. आज मंगळवार. आज प्रेसिडेंट स्वतः बोलणार, त्यामुळे वह्या बंद आहेत.

गावाहून येताना गाडीत एका बाईंनी विचारलं होतं, एवढंसं पोर कॉलेजात कसं? युद्धामुळे. मोठी मुलं भरती होऊन गेली आणि वर्ग ओस पडले. कॉलेज काही काळ बंद ठेवावं, असंही वरून सुचवलं गेलं. डॉ. बेंजामिन मेझ यांनी ते साफ नाकारलं. हायस्कूल पुरं न झालेल्या हुशार मुलांना परीक्षा घेऊन आत घ्यायचं, पण दिवे मालवायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं. म्हणून तू इथे आहेस. दोन ओळी पुढे बसलेला तो ठेंगणा, नीटनेटका मुलगाही त्याच वाटेने आलाय. त्याला सगळे एम. एल. म्हणतात. ट्वीडच्या सुटांची त्याला इतकी हौस की पोरं त्याला ‘ट्वीड’ म्हणूनच हाक मारू लागतील. ऑबर्न ॲव्हेन्यूवरच्या एबेनेझर चर्चच्या पाद्र्यांचा तो मुलगा. त्याचे वडील इथलेच विद्यार्थी, आजोबाही इथलेच. तो घरून येतो, तू ग्रेव्हज हॉलच्या वसतिगृहात राहतोस. तुझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा तूच पहिला.

डॉ. मेझ येतात. उंच, सडपातळ, सावळ्याहून गडद वर्ण, सूट काटेकोर. पाठीमागे मुलं त्यांना ‘बक बेनी’ म्हणतात, सिनेमातल्या एका घोडेस्वाराच्या नावावरून. समोर कुणाची टाप नाही. पण तुला पहिल्यांदा जाणवते ती त्यांची उभं राहण्याची तऱ्हा. तुझ्या गावातली मोठी माणसं रस्त्यावर अशी उभी राहत नाहीत. तुझे वडील चर्चमध्ये ताठ असतात, कापसाच्या गिरणीवरच्या गोऱ्या मुकादमासमोर मात्र त्यांचे खांदे आपोआप उतरतात. तू ते लहानपणापासून पाहिलंयस आणि कधी कुणाजवळ बोलला नाहीस.

आज ते सिनेमाबद्दल बोलतात. पीचट्री रस्त्यावर फॉक्स थिएटर आहे, राजवाड्यासारखं. काळ्यांसाठी बाहेरच्या अंगाने एक लांबच लांब जिना वर गॅलरीत जातो. मुलं शनिवारी तो जिना चढतात, तूही चढायचं ठरवलं होतंस. डॉ. मेझ सांगतात की ट्रामशिवाय कामावर पोचता येत नाही, तिथे मागच्या बाकावर बसावं लागतं, कारण पोटाचा प्रश्न आहे. पण करमणुकीसाठी खिशातले पैसे मोजून आपणहून अपमान विकत घ्यायला जाऊ नका. ते स्वतः असल्या थिएटरात पाऊल टाकत नाहीत. आवाज चढत नाही, हात फारसे हलत नाहीत. वेगळं बसणं अंगावर लादलं जातं आणि मनाने पत्करलं जातं, यात जमीनअस्मानाचा फरक आहे, हे तुला पंधराव्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी फोड करून सांगतंय.

हा माणूस इतका ताठ कसा? त्याचं उत्तर शोधायला तुला मागे जावं लागेल, सेहेचाळीस वर्षं.

१८९८, नोव्हेंबर. दक्षिण कॅरोलायनाचा ग्रीनवुड परगणा. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं आणि मधून मातीचा रस्ता. तू चार वर्षांच्या एका मुलाशेजारी उभा आहेस, आणि तो त्याच्या वडिलांना बिलगलाय. वडिलांचं नाव हेझकाया मेझ. गुलामीत जन्मलेला माणूस, आता दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारं कूळ. फीनिक्स नावाच्या जवळच्या वाडीत निवडणुकीच्या दिवशी काळ्यांच्या मतांवरून गोळीबार झालाय आणि त्यानंतर गोऱ्यांच्या टोळ्या गावोगाव फिरताहेत, दिसेल त्याला वेचताहेत. घोडे येतात. स्वारांच्या हातात रायफली आहेत. ते हेझकायाला शिव्या घालतात, टोपी काढायला लावतात, वाकायला लावतात. पुन्हा वाकायला लावतात. पुन्हा. मग घोडे वळवून निघून जातात.

खाली पडलेली टोपी, घोड्यांच्या घामाचा वास, वडिलांचा हात. त्या मुलाची जगातली ही पहिली आठवण. १९७१ साली त्याने आत्मचरित्र लिहिलं तेव्हा सुरुवात तिथूनच केली. मला या निवडीचं फार मोल वाटतं. मोठं नाव कमावलेली माणसं मुलांपुढे बोलायला उभी राहिली की बहुधा पायऱ्यांची उजळणी करतात: अमुक पदवी, तमुक पद. मेझ यांच्याजवळ त्या पायऱ्या भरपूर होत्या. तरी त्यांनी आधी मांडला तो आपल्या बापाचा वाकलेला कणा. ज्या पोराने स्वतःच्या बापाला वाकताना पाहिलंय, त्याला अशा गोष्टीने जे मिळतं ते कुठल्याही यशोगाथेने मिळत नाही. ही लाज आपल्या घरची नाही, ती घोड्यावर बसलेल्यांची आहे, हे त्याला कळतं.

त्या मुलाच्या मागे मागे थोडा राहा. त्याची आई लूव्हेनिया, तिला वाचता येत नाही. आकडे आणि अक्षरं त्याला घरीच शिकवली ती थोरल्या बहिणीने, सूझीने. शाळेत गेला तेव्हा त्याला ती आधीच येत होती म्हणून तिथे कौतुक झालं, आणि पुढे गावभर बोलबाला झाला. (पुरुषांनी मुलांना घडवण्याची ही गोष्ट, पण तिचा पाया एका मुलीने घातला, हे विसरायचं नाही.) शाळा वर्षातून चारच महिने, कापूस वेचून झाला की. नऊ वर्षांचा असताना चर्चमध्ये मुलांच्या दिवशी तो बायबलमधला उतारा म्हणतो आणि सगळं चर्च उठून उभं राहतं. बायका रुमाल हलवताहेत, पुरुष पाय आपटताहेत. बघ त्या पुरुषांकडे. आठवडाभर शेतात मान खाली घालून राबणारे हे लोक एका पोराच्या शब्दांसाठी लाकडी जमीन हादरवताहेत. घोडेस्वारांनी त्याच्यात जे पेरलं, त्याला उतारा इथे मिळाला.

आणखी काही वर्षांनी तो पोस्टात पत्रं आणायला जातो. तिथे एक गोरा डॉक्टर त्याच्या थोबाडीत मारतो. त्याने काही केलेलं नाही. कपडे नीट होते, पाठ सरळ होती, डॉक्टरला तेवढं पुरलं.

वडील म्हणत, काळ्या माणसाला इमानाचे धंदे दोनच, शेती आणि पाद्रीपण, त्याला एवढं शिक्षण कशाला. मुलगा रात्री चांदण्यात शेतात जाऊन प्रार्थना करायचा, शिकायला मिळू दे म्हणून. बापाशी भांडून तो ऑरेंजबर्गला शिकायला गेला. हायस्कूल पुरं होईपर्यंत विशी उलटली होती. मग उत्तरेत मेन राज्यातलं बेट्स कॉलेज, १९२० सालची पदवी. शिकता शिकता पुलमन गाड्यांवर हमाली. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली तेव्हा वय चाळीस.

आता जो प्रवास करायचा तो तुला थेट आमच्याकडे आणतो. १९३६ सरून १९३७ उजाडतंय आणि वर्ध्याच्या स्टेशनावर थंडी आहे. डॉ. मेझ मैसूरला वायएमसीएच्या जागतिक परिषदेला निघालेत, वाटेत गांधींना भेटायला थांबलेत. दीडेक तास बोलणं होतं. अहिंसा म्हणजे नुसता निमूटपणा नव्हे, ती करायची गोष्ट आहे, हे ते नीट समजून घेतात. पण ते आणखीही एक विचारतात: तुम्ही अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहिलात, मग जातिव्यवस्थेवरच घाव का घालत नाही? गांधी जातीला कामाची वाटणी म्हणून पाहतात आणि उच्चनीचपणा तेवढा जावा म्हणतात. हाच प्रश्न त्याच १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ छापून सगळ्या हिंदू समाजाला विचारला होता, कितीतरी जास्त धार लावून. दक्षिण कॅरोलायनाच्या कापसाच्या शेतातून आलेला माणूस वर्ध्याला येऊन नेमकं तिथेच बोट ठेवतो, कारण ते दुखणं त्याच्या अंगावरचं आहे.

मैसूरला त्यांना अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत जेवायला आणि बोलायला बोलावतात. मुख्याध्यापक मुलांना ओळख करून देतात: हेही अस्पृश्यच आहेत, अमेरिकेतले, आणि बघा कुठवर पोचले. मेझ चरकतात. जगभर मान मिळवलेल्या माणसाला हे ऐकायची सवय नाही. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येतं की मास्तरांनी चुकीचं काहीच सांगितलेलं नाही. आपल्या देशात आपण कितीही शिकलो तरी अमुक दारातून आत जाऊ शकत नाही, अमुक टेबलाशी बसू शकत नाही. समोर बसलेल्या पोरांकडे बघ. त्यांना या पाहुण्याचं इंग्रजी कळो न कळो, त्यांच्यासारखाच एक माणूस बूट घालून शाळेच्या मुख्य खुर्चीत बसलाय, एवढं त्यांना दिसतंय.

परत सेल हॉल. मंगळवार संपतो, मुलं जिना उतरतात. पण एम. एल. उतरत नाही. तो डॉ. मेझ यांच्या पाठोपाठ त्यांच्या ऑफिसात जातो. पुढच्या चार वर्षांत हे अनेकदा होईल. भाषणातला एखादा मुद्दा पटला म्हणून जाईल, बऱ्याचदा पटला नाही म्हणून. आणि हे देशोदेशी फिरलेले, गांधींशी वाद घातलेले गृहस्थ सोळा-सतरा वर्षांच्या पोराला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकून घेतील. तू जिन्यात उभा राहून ते दार बंद होताना बघतोस. तुझ्याही मनात प्रश्न असतात, पण तुझा धीर होत नाही.

सल्ला देणारे म्हातारे तुझ्या गावात कमी नव्हते. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या ओसरीवर, सगळीकडे ‘जपून राहा, नजर खाली ठेव’. तेही मायेनेच सांगत होते, त्या सल्ल्याने कितीक पोरं जिवंत राहिली. पण उलट बोललेलं ऐकून घेणारा वडीलधारा तू आजवर पाहिला नव्हतास. जगाने ज्यांचं एक अक्षर ऐकून घ्यायचं नाकारलंय त्या मुलांना, तुझं म्हणणं ऐकण्याजोगं आहे, असं कुणीतरी आधी दाखवावं लागतं. माझ्या मते मेझ यांचं मोठेपण त्यांच्या भाषणांत जितकं आहे तितकंच त्या बंद दारामागे आहे.

रात्री वसतिगृहात मुलं आपसांत बोलतात आणि उन्हाळ्याच्या गोष्टी निघतात. फीचे पैसे मिळवायला मोरहाउसची मुलं कनेक्टिकटला, सिम्सबरीच्या तंबाखूच्या शेतांत जातात. एम. एल.ही यंदा तिथेच होता. एकरच्या एकर जमिनीवर पातळ जाळीदार कापडाचा मांडव घातलेला, त्याखाली सिगारच्या वेष्टणाचं पान वाढवतात. आत वारा नाही, दमट उष्मा नुसता. खालची पानं आधी खुडायची, जमिनीवर बसून सरपटत पुढे जायचं. पानांचा चीक हाताला चिकटतो, त्यावर माती बसते, मग तो काळा राप साबणानेही निघत नाही. एवढं राबून मुलं तिथून खूश होऊन येतात. का? रविवारी गोऱ्यांच्या चर्चमध्ये बसता आलं. हार्टफर्डला जाऊन चांगल्या हॉटेलात, हव्या त्या टेबलाशी जेवता आलं.

मग परतीची गाडी. वॉशिंग्टनपर्यंत कुठेही बसा, तिथून पुढे डबा बदला. जेवणाच्या डब्यात काळ्यांना कोपऱ्यातलं टेबल आणि मध्ये पडदा ओढलेला, गोऱ्यांना जेवताना ही मुलं दिसू नयेत म्हणून. एम. एल. त्या पडद्याबद्दल पुढे आयुष्यभर बोलत राहिला. तो पडदा जणू आपल्या स्वत्वावरच पडला, असं त्याला वाटलं होतं. त्याच वसंतात तो भाषणस्पर्धेत बक्षीस मिळवून शाळेतल्या बाईंबरोबर बसने परत येत होता आणि गोऱ्या उतारूंना जागा देण्यासाठी ड्रायव्हरने दोघांना उठवलं. नव्वद मैल उभ्याने. हे ऐकून तूही तुझ्या वडिलांच्या खांद्यांबद्दल सांगतोस, अंधारात, कुणाकडे न बघता. खाटेवरून एक मुलगा म्हणतो, “माझ्याही बापाचे तसेच.”

वर्षं भराभर जातात. समाजशास्त्राच्या वर्गात वॉल्टर चिव्हर्स तुम्हाला वंशद्वेषामागचा पैशाचा हिशेब उलगडून दाखवतात, धर्माच्या वर्गात जॉर्ज केल्सी दाखवतात की पाद्री डोकं वापरूनही बोलू शकतो. १९४६च्या जुलैत अटलांटाच्या पूर्वेला, मूर्स फोर्डच्या पुलाजवळ, दोन तरुण काळ्या जोडप्यांना जमावाने गोळ्या घालून मारलं. कुणालाही शिक्षा झाली नाही. काही दिवसांनी ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रात एक पत्र छापून येतं: आम्हाला या देशाच्या नागरिकांचे साधे हक्क हवेत, एवढंच. खाली सही एम. एल. किंगची. वय सतरा.

आणि १९४८चा एप्रिल. बटलर स्ट्रीट वायएमसीएच्या दारात एवढी गर्दी की पुढचं दिसत नाही. शहराने पहिले आठ काळे पोलीस नेमलेत. त्यांना गोऱ्या माणसाला अटक करायचा अधिकार नाही, पोलीस ठाण्यात कपडे बदलायचीही मुभा नाही, म्हणून ते इथे वायएमसीएत गणवेश चढवतात. तरी ते बाहेर पडले की लहान मुलं त्यांच्या मागे धावतात, रस्त्यारस्त्यांतून. तूही चालतोस.

पुढचं तुला एका दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून बघायचंय. १९५६, फेब्रुवारी. माँटगोमेरीत एम. एल.च्या पुढाकाराने चाललेला काळ्यांचा बसवरचा बहिष्कार तिसऱ्या महिन्यात आहे. त्याच्या घरावर बॉम्ब पडून गेलाय आणि आता अटकेचं वॉरंट निघालंय. एम. एल. बायको आणि तान्ह्या मुलीला न्यायला अटलांटाला आलाय. वडिलांनी शहरातले सगळे वजनदार काळे पुरुष घरी बोलावलेत: वकील, व्यापारी, संपादक, बिशप, कॉलेजांचे प्रेसिडेंट. मुलाला परत जाऊ देऊ नये, तो जिवानिशी जाईल, असं वडिलांचं म्हणणं. बरेचजण माना डोलावतात. प्रेमच आहे ते, दुसरं काही नाही.

एम. एल. सांगतो, मी परत जाणार. माझी माणसं तुरुंगात जात असताना मी इथे बसलो तर तो भेकडपणा होईल. मग तो डॉ. मेझ यांच्याकडे बघतो. बोलत काही नाही. वडिलांना रडू फुटलंय, खोलीत तेवढाच आवाज आहे. आणि डॉ. मेझ बोलू लागतात, मुलाच्या बाजूने, ठामपणे. हळूहळू बाकीचेही वळतात. दुसऱ्या दिवशी थोरले किंग मुलाबरोबर स्वतः गाडीत बसून माँटगोमेरीला गेले.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या बंद दारामागे काय चाललं होतं, ते तुला आज कळतं. बापाला हे जमणं कठीण होतं, बाप तो बाप. त्यासाठी दुसरा कुणीतरी वडीलधारा लागतो, ज्याने पोराला इतकी वर्षं उलट बोलू दिलंय की त्याचं ‘नाही’ खरं की हट्टाचं, हे त्याला ओळखता येतं.

१९६८च्या ९ एप्रिलबद्दल फार सांगत नाही. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचं. खेचरांच्या गाडीवरून आलेल्या शवपेटीसमोर, मोरहाउसच्या आवारात, सत्तरी ओलांडलेले डॉ. मेझ एकोणचाळीस वर्षांच्या विद्यार्थ्याबद्दल बोलले. तू गर्दीत होतास.

त्याच्या पुढच्या वर्षी, पंच्याहत्तराव्या वर्षी, ते अटलांटाच्या शालेय मंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले आणि निवडून आले. सगळं करून झालेल्या माणसाने शाळांच्या गळक्या छपरांच्या आणि शिक्षकांच्या पगारांच्या बैठकांत बसायला जायचं! १९७० साली मंडळाचे अध्यक्ष झाले, पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष, आणि १९८१पर्यंत ती खुर्ची सोडली नाही.

१९७३. तू चव्वेचाळीस वर्षांचा आहेस, मुलगा शाळेत आहे. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवण्याचा खटला १९५८पासून चालू होता, त्यात आता तडजोड झालीय. मुलांना बसने लांबच्या शाळांत नेऊन मिसळायचा आग्रह बराचसा सोडायचा, त्या बदल्यात शाळांचा कारभार मोठ्या प्रमाणात काळ्यांच्या हाती यायचा. शहराला पहिले कृष्णवर्णीय शिक्षणप्रमुख मिळतात, अलोन्झो क्रिम. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेने हे मान्य केलं म्हणून राष्ट्रीय नेतृत्वाने त्या शाखेच्या अध्यक्षाला निलंबित केलंय. डॉ. मेझ तडजोडीच्या बाजूने आहेत. गोरी कुटुंबं शहर सोडून चाललीत, बस भरून नेणार कुणाला, हा त्यांचा सवाल.

तुला हे पटत नाही. ज्या माणसाने तुला फॉक्सचा जिना चढू दिला नाही, तो तुझ्या मुलाच्या वाट्याला वेगळी शाळा येऊ देतोय, असं तुला वाटतं. बैठक संपते, खुर्च्या सरकतात, लोक पांगतात. डॉ. मेझ कागद गोळा करून आतल्या खोलीकडे निघतात, त्याच चालीने. तू या वेळी जिन्यात थांबत नाहीस. त्यांच्या पाठोपाठ आत जातोस, ते खुर्चीकडे हात करतात, तू बसतोस, आणि माझ्या मुलाच्या वर्गात एकही गोरं पोर नाही, इथपासून सुरुवात करतोस.